चेहरा कोणाच्या मालकीचा? जॉर्ज मायकल, कीर्ती आणि खासगी आयुष्य

१/
मित्रहो, आजच्या थ्रेडमध्ये तह नाहीत, लढाया नाहीत, राजघराण्यांच्या वंशावळी नाहीत. तरीही विषय इतिहासाचाच आहे, आणि तोही आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातला.

सप्टेंबर १९९०. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने जॉर्ज मायकल या २७ वर्षांच्या ब्रिटिश पॉप गायकाची दीर्घ मुलाखत प्रसिद्ध केली. त्या वेळी त्याच्याइतके खपणारे गायक जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. आणि हा तरुण सांगत होता की, यापुढे आपल्याला इतकी प्रसिद्धी नको. गाणी लिहू, गाऊ. पण नव्या गाण्यांच्या व्हिडिओंत आपण दिसणार नाही.

२/
थोड्याच दिवसांत त्या दैनिकाकडे एक पत्र आले. पत्रलेखक होता फ्रँक सिनात्रा. वय ७४, गाण्याच्या व्यवसायात अर्धे शतक घालवलेला. पत्राचा सूर वडीलधाऱ्या माणसाच्या थट्टेचा होता, पण थट्टेला धार होती. आशय असा की, मुला, जरा मोकळा हो आणि अंगच्या देणगीबद्दल कृतज्ञ राहा. प्रसिद्धीतली खरी शोकांतिका वेगळीच असते. ऐकायला कोणीच येत नाही आणि रिकाम्या जागेत झाडलोट करणाऱ्या बाईपुढे गावे लागते, तेव्हा ती कळते.

३/
या दोघांपैकी बरोबर कोण?

प्रश्न वाटतो तितका उथळ नाही. लोक गायकाचा आवाज विकत घेतात. त्याबरोबर त्याचा चेहराही त्यांच्या मालकीचा होतो काय? आणि त्या चेहऱ्यामागचे आयुष्य? विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाने वृत्तपत्रे, कंपन्या आणि न्यायालय या तिघांनाही कामाला लावले. जॉर्ज मायकलची कथा त्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. क्रमाने पाहू.

४/
‘जॉर्ज मायकल’ हे त्याचे जन्मनाव नव्हे. २५ जून १९६३ रोजी उत्तर लंडनमधील ईस्ट फिंचली येथे जन्मलेल्या या मुलाचे नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायिओटू. वडील सायप्रसहून १९५०च्या दशकात आलेले ग्रीक स्थलांतरित. उपाहारगृहाच्या धंद्यात कष्टाने वर आलेले. आई इंग्लिश, पूर्वाश्रमीची नर्तकी. पुढे स्वतःच्या बालपणाविषयी बोलताना जॉर्ज नेहमी एकच चित्र उभे करी: जाडसर, चष्मा लावणारा, आपण दिसायला बरे नाही या समजुतीने खचलेला मुलगा. हे चित्र लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या कथेचे बीज त्यात आहे.

५/
१९७५ साली लंडनजवळच्या बुशी गावातील शाळेत त्याची गाठ अँड्र्यू रिजलीशी पडली. अँड्र्यू देखणा, बेधडक, कपड्यांचा शौकीन. म्हणजे आपण जे नाही असे जॉर्जला वाटे, ते सारे अँड्र्यू होता. १९८१ मध्ये दोघांनी ‘व्हॅम’ हा गट स्थापला. संगीताची बुद्धी प्रामुख्याने जॉर्जची, पण लोकांपुढे कसे उभे राहावे, कसे हसावे, कसे बेफिकीर दिसावे, हे तो मित्राकडून शिकला. ‘जॉर्ज मायकल’ हे पात्र असे घडत गेले. नाव नवे, केस नवे, चाल नवी. मुखवटा त्याने स्वतःच बेतून घेतला होता, आणि सुरुवातीला तो त्याला आवडतही होता.

६/
या मुखवट्याला जी बाजारपेठ मिळाली, ती त्याच क्षणी जन्मत होती. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. तोवर गाणे मुख्यतः रेडिओवरून आणि तबकडीवरून पोहोचे. गायकाचे दर्शन वेष्टनावरच्या छायाचित्रापुरते, क्वचित दूरचित्रवाणीवर. आता तेच तीन-चार मिनिटांचे रूप दिवसरात्र घराघरांत दिसू लागले. गाण्याची जाहिरात करण्यासाठी चेहरा वापरला जाई; बघता बघता चेहऱ्याची जाहिरात करण्यासाठी गाणे वापरले जाऊ लागले. ‘व्हॅम’ची पांढरी दातओळ आणि उन्हात भिजलेले व्हिडिओ या युगाचे लाडके अपत्य होते.

७/
दुसरी बाजारपेठ छापील होती. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये टॅब्लॉइड वृत्तपत्रांत कमालीची चुरस होती. एकट्या ‘द सन’चा रोजचा खप सुमारे ४० लाखांच्या घरात. राजघराणे, फुटबॉलपटू आणि पॉप गायक हा या वृत्तपत्रांचा रोजचा शिधा. गायकाच्या अल्बमची बातमी वर्षातून एकदा होते. त्याच्या प्रेमप्रकरणाची बातमी रोज करता येते. म्हणून छायाचित्रकार स्टुडिओपेक्षा घराच्या फाटकापाशी अधिक वेळ उभे राहू लागले. त्यामागचे हे साधे अर्थशास्त्र ध्यानात घेतले, तर पुढच्या घटना केवळ कोणाच्या दुष्टाव्याने घडल्या असे वाटणार नाही.

८/
यश किती वेगाने आले ते पाहा. १९८४ मध्ये एकामागून एक गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. ‘लास्ट ख्रिसमस’ मात्र दुसऱ्या स्थानावर थांबले. कारण पहिल्या स्थानावर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी अनेक कलावंतांनी मिळून गायलेले गाणे होते, आणि त्यातही जॉर्जचा आवाज होताच. ‘लास्ट ख्रिसमस’चे मानधनही त्या मदतकार्याला गेले. ७ एप्रिल १९८५ रोजी ‘व्हॅम’ने बीजिंगच्या कामगार क्रीडागृहात कार्यक्रम केला, चीनमध्ये गाणारा तो पहिला मोठा पाश्चात्त्य पॉप गट ठरला. २८ जून १९८६ रोजी वेम्बली मैदानावर सुमारे ७२,००० श्रोत्यांपुढे गटाने निरोप घेतला. जॉर्ज तेव्हा नुकताच २३ वर्षांचा झाला होता.

९/
इथे क्षणभर मागे वळू. गायक-वादकांभोवती उसळणारा ज्वर १९८०च्या दशकाचा शोध नव्हे. १८४०च्या दशकात पियानोवादक फ्रान्झ लिस्ट युरोपभर फिरत असताना श्रोत्यांची अशीच अवस्था होई. कवी हाइनेने १८४४ मध्ये तिला ‘लिस्टोमेनिया’ असे नावच दिले. लिस्टचे चेहरे शिळाछापावर छापून विकले जात. आणि १८४७ मध्ये, ऐन भरात, वयाच्या ३५व्या वर्षी लिस्टने तिकीट लावून दौरे करणे सोडून दिले. बीटल्सनीही २९ ऑगस्ट १९६६च्या सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर दौरे थांबवले.

म्हणजे कीर्तीच्या शिखरावरून मागे फिरण्याची परंपरा जुनी आहे. फरक इतकाच की, लिस्टला मंच सोडला की पुरे होते. १९९०च्या गायकाला पडदाही सोडावा लागणार होता.

१०/
ऑक्टोबर १९८७ मध्ये जॉर्जचा पहिला एकट्याचा अल्बम ‘फेथ’ आला. काळे चामडी जाकीट, फाटकी निळी जीन्स, गडद चष्मा, दोन दिवसांची दाढी, कानात क्रूस, हाती गिटार, शेजारी नाणे टाकल्यावर गाणे वाजवणारा ज्यूकबॉक्स. हे रूप जगभरच्या भिंतींवर चिकटले. या एका अल्बममधील चार गाणी अमेरिकेत त्याच्या एकट्याच्या नावावर पहिल्या क्रमांकावर पोहोचली, आणि १९८९ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जगभरातील खप दोन कोटींच्या पुढे गेला. गाणी त्यानेच लिहिली, संगीतरचना त्याचीच, निर्मितीही त्याचीच. पण लोकांना आठवत राहिले ते जाकीट.

११/
१९८८ चा दीर्घ दौरा हा त्याच्या आयुष्यातील वळणबिंदू. पुढे अनेक मुलाखतींत त्याने याविषयी सांगितले. रोज रात्री हजारो माणसे नाव घेऊन ओरडत, आणि नंतर हॉटेलची खोली. मायकल जॅक्सन आणि मॅडोना यांच्या पंक्तीला जाऊन बसण्याची ईर्षा त्याने बाळगली होती. ती पुरी झाल्यावर त्याला उमगले की या पंक्तीत आपल्याला सुख नाही. लहानपणीच्या त्या न्यूनगंडावर जगाची पसंती हे औषध असेल, असा त्याचा समज होता. औषध पोटभर घेऊनही दुखणे तसेच राहिले.

१२/
दुखण्याचे आणखी एक कारण होते. जॉर्ज समलिंगी होता. एकोणिसाव्या वर्षीच त्याने अगदी जवळच्या माणसांना, त्यांत अँड्र्यूलाही, याची कल्पना दिली होती, जगाला नाही. आजच्या चष्म्यातून ‘मग सांगून का टाकले नाही?’ असे विचारणे सोपे आहे. त्या काळाचे संदर्भ पाहा. एड्सची साथ ऐन भरात, औषध नाही, आणि टॅब्लॉइड वृत्तपत्रांतून समलिंगी व्यक्तींविषयी उघड तिरस्कार. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेने कलम २८ संमत केले. त्यानुसार स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास बंदी झाली. इंग्लंडमध्ये ते कलम २००३ पर्यंत टिकले. जॉर्जने पुढे सांगितले की, आईच्या जिवाला एड्सच्या भीतीचा घोर लागेल, ही त्याची सर्वांत मोठी चिंता होती.

१३/
आता १९९० चा निर्णय नीट समजेल. सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ या अल्बमचे नावच सांगते की, पूर्वग्रह बाजूला ठेवून ऐका. मुखपृष्ठावर गायकाचा चेहरा नाही. तिथे छायाचित्रकार वीजी याने १९४० मध्ये टिपलेली कोनी आयलंडच्या किनाऱ्यावरची अफाट गर्दी आहे. ज्याला आजवर गर्दी पाहत होती, त्याने आता गर्दीलाच मुखपृष्ठावर बसवले. ‘प्रेइंग फॉर टाइम’ या पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत माणूसच नाही. पडद्यावर केवळ शब्द उमटत जातात.

१४/
दुसरा व्हिडिओ, ‘फ्रीडम! ९०’, अधिक प्रसिद्ध. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. तो पुढे मोठा चित्रपट-दिग्दर्शक झाला. जॉर्जच्या जागी ओठ हलवतात नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हांजेलिस्टा, क्रिस्टी टर्लिंग्टन, सिंडी क्रॉफर्ड आणि तात्याना पातित्झ या पाच नामवंत मॉडेल. मधूनच ‘फेथ’चे ते सुप्रसिद्ध जाकीट पेट घेते, गिटार आणि ज्यूकबॉक्स स्फोटाने उडतात. स्वतःच्या प्रतिमेची होळी त्याने जाहीरपणे केली.

पण एक गंमत पाहा. स्वतःचा चेहरा लपवण्यासाठी त्याला जगातील पाच अतिपरिचित चेहरे पुढे करावे लागले. कॅमेऱ्याची भूक कायम राहिली; घास फक्त बदलला.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे सावध व्हावे. ‘मला प्रसिद्धी नको’ हे त्याने सांगितले कोठे? एका मोठ्या दैनिकाच्या मुलाखतीत, नवा अल्बम बाजारात येण्याच्या सुमारास. त्याच वर्षी पत्रकार टोनी पार्सन्सच्या साहाय्याने लिहिलेले ‘बेअर’ हे त्याचे आत्मकथनपर पुस्तकही आले. शीर्षकाचा अर्थ ‘उघडा’. पण सर्वांत मोठी गोष्ट त्यात झाकलेलीच होती. कलावंताची मुलाखत हे साधन मोलाचे असते, तरी ते हेतूशून्य नसते. ती केव्हा, कोणासाठी आणि काय वगळून दिली, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. जॉर्ज खोटे बोलत नव्हता. अर्धे खरे बोलत होता, आणि उरलेले अर्धे सांगण्याची सोय त्या काळाने त्याला ठेवली नव्हती.

१६/
जानेवारी १९९१. ब्राझीलमधील ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात जॉर्ज गायला आणि तिथेच त्याला अन्सेल्मो फेलेप्पा भेटला. पहिल्यांदाच कोणी आपल्यावर प्रेम करते, असे त्याला वाटले, हे त्याने पुढे उघडपणे सांगितले. थोड्याच काळात अन्सेल्मोला एचआयव्हीची बाधा असल्याचे निष्पन्न झाले. जगातील सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक असलेला हा माणूस आता अशी चिंता वाहत होता, जी उघडपणे बोलायची तर सगळेच उघड झाले असते.

१७/
२० एप्रिल १९९२. वेम्बलीवर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ भव्य कार्यक्रम झाला. फ्रेडी म्हणजे झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारूख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. आपल्याला एड्स आहे हे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

त्याचे ‘समबडी टू लव्ह’ हे गाणे जॉर्जने त्या दिवशी असे गायले की तो कार्यक्रमाचा कळस मानला जातो. श्रोत्यांत अन्सेल्मो होता. लोकांना वाटले, जॉर्ज एका मृत मित्रासाठी गातो आहे. तो गात होता एका जिवंत माणसासाठी. आणि हे त्या विराट गर्दीत फार थोड्यांना ठाऊक होते. मार्च १९९३ मध्ये अन्सेल्मोचे निधन झाले.

१८/
याच काळात न्यायालयाचा अध्याय सुरू झाला. जॉर्जचा करार मूळचा सीबीएस रेकॉर्ड्सशी. ती कंपनी १९८८ मध्ये सुमारे २०० कोटी डॉलरना जपानच्या सोनीने घेतली. माणसे बदलली, करार राहिला. जॉर्जची तक्रार अशी की, चेहरा न दाखवता आणलेल्या अल्बमच्या मागे कंपनी मनापासून उभी राहिली नाही; तिला जुना, जाकीटवाला जॉर्जच हवा आहे. ‘फेथ’च्या मानाने नव्या अल्बमचा खप बराच कमी झाला होता, हे खरे. १९९२ मध्ये त्याने दावा दाखल केला, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली.

१९/
कायद्याचा मुद्दा होता व्यवसायावरील गैरवाजवी बंधनाचा. कलावंताला वर्षानुवर्षे एकाच कंपनीशी बांधणारा आणि ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे ठेवणारा करार वैध मानावा काय? सोनीचे उत्तर सरळ होते: अटी वेळोवेळी त्याच्याच बाजूने सुधारल्या गेल्या, त्याच्या पाठीशी निष्णात वकील होते, आणि त्याने भरघोस रकमा स्वीकारल्या. २१ जून १९९४ रोजी न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी करार वाजवी ठरवला. जॉर्ज हरला. त्याची खंत अशी की, इतर कोणालाही नोकरीचा राजीनामा देता येतो. गायकाला ती सोय नाही.

२०/
न्यायालय चुकले असे म्हणता येत नाही. त्याच्यापुढे प्रश्न कराराचा होता. जॉर्जच्या मनातला प्रश्न स्वत्वाचा होता, आणि त्यासाठी कायद्यात रकाना नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स या गायकानेही आपल्या कंपनीशी भांडताना १९९३ मध्ये स्वतःचे नावच टाकून एक चिन्ह धारण केले आणि गालावर ‘गुलाम’ हा शब्द लिहिला. एकाने चेहरा काढून घेतला, दुसऱ्याने नाव. दोघांचे म्हणणे एकच: जे विकले ते गाणे होते, मी नव्हे. १९९५ मध्ये दुसऱ्या कंपन्यांनी सोनीला मोठी रक्कम देऊन जॉर्जची सुटका केली.

२१/
नोव्हेंबर १९९४. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्याजवळ एमटीव्हीचा पहिला युरोपीय पुरस्कार-सोहळा. जॉर्जने तिथे ‘जीझस टू अ चाइल्ड’ हे नवे गाणे गायले. अन्सेल्मोच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ त्याच्याकडून काही लिहून झाले नव्हते. हे गाणे त्यातून फुटले. दुःख जगापुढे मांडले, पण कोणाचे ते सांगितले नाही. १९९६ च्या ‘ओल्डर’ या अल्बममध्ये ते आले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. विधवा वा विधुराला समाज रडण्याची मुभा देतो. जॉर्जला ती नव्हती. त्याने गाण्याच्या आडोशाला बसून शोक केला.

२२/
७ एप्रिल १९९८. बीजिंगच्या त्या कार्यक्रमाला बरोबर १३ वर्षे झाली होती. बेव्हर्ली हिल्समधील एका उद्यानाच्या स्वच्छतागृहात साध्या वेशातील पोलिसाने जॉर्जला अश्लील वर्तनाच्या आरोपावरून अटक केली. जगभरच्या मथळ्यांनी ते रहस्य एका रात्रीत फोडले. तीनच दिवसांनी तो सीएनएनच्या कॅमेऱ्यापुढे बसला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता: आपण बेपर्वाईने वागलो, याची आपल्याला शरम वाटते, आपण समलिंगी आहोत, याची मुळीच वाटत नाही. ८१० डॉलर दंड आणि ८० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली.

२३/
त्याच वर्षी आलेल्या ‘आउटसाइड’ या गाण्याच्या व्हिडिओत जॉर्ज पोलिसाच्या गणवेशात नाचतो आणि स्वच्छतागृहाचे रूपांतर झगमगत्या नृत्यगृहात होते. लक्षात घ्या, आठ वर्षांपूर्वी कॅमेऱ्यापुढे येण्यास ज्याने नकार दिला होता, तोच आता स्वतःहून पुढे आला. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून कॅमेऱ्याची भीतीही उरली नव्हती. प्रसिद्धीशी त्याचे जे भांडण वाटत होते, त्यातला मोठा हिस्सा गुपिताच्या ओझ्याचा होता, हे इथे दिसते.

२४/
तरी त्याला संत ठरवण्याची घाई नको. पुढची वर्षे कठीण गेली. १९९७ मध्ये आई कर्करोगाने गेली होती. तो घाव भरला नाही. अमली पदार्थांचे व्यसन बळावले. जुलै २०१० मध्ये नशेच्या अमलाखाली गाडी चालवताना त्याने लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एका दुकानावर ती आदळली आणि त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. वृत्तपत्रांनी याही वेळी फाटकापाशी तळ ठोकला. पण या खेपेस बातमी न्याय्य होती. रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणे ही खासगी बाब नव्हे. खासगीपणाच्या हक्काची सीमारेषा कोठे संपते, हेही याच आयुष्यातून शिकता येते.

२५/
२५ डिसेंबर २०१६ रोजी, नाताळच्या दिवशी, ऑक्सफर्डशायरमधील गोरिंग येथील घरी वयाच्या ५३व्या वर्षी त्याचे निधन झाले, कारण हृदयविकार. आणि मग एक नवलाची गोष्ट घडली. माणसे एकेक करून बोलू लागली. संकटातील मुलांसाठी दूरध्वनी-सेवा चालवणाऱ्या ‘चाइल्डलाइन’च्या संस्थापिकेने सांगितले की, वर्षानुवर्षे तो संस्थेला मोठ्या रकमा देत आला, ‘जीझस टू अ चाइल्ड’चे उत्पन्नही त्यांत होते. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात अपत्यप्राप्तीच्या उपचारासाठी पैसे हवेत असे सांगणाऱ्या स्त्रीला त्याने गुपचूप १५,००० पौंड दिले होते. बेघरांच्या आश्रयस्थानातही तो काम करी, ‘कोणाला सांगू नका’ असे बजावून.

२६/
आयुष्यभर टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्याची रहस्ये धुंडाळली. प्रेम हुडकले, व्यसन हुडकले, कचऱ्यात काय टाकतो तेही पाहिले. दानधर्म मात्र कोणाला सापडला नाही. अर्थात तो जाहीर व्हावा असे देणाऱ्यालाही वाटत नव्हते. आईची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे ऋण म्हणून डिसेंबर २००६ मध्ये त्याने लंडनच्या राउंडहाउसमध्ये परिचारिकांसाठी विनामूल्य कार्यक्रम केला होता, तेवढा जगाला ठाऊक होता. खासगी आयुष्य म्हणजे अपराध दडवण्याची जागा, असे आपण सहज गृहीत धरतो. जॉर्जने तिथे दुःख ठेवले होते, भीती ठेवली होती आणि चांगुलपणाही ठेवला होता.

२७/
आता सिनात्राकडे वळू. त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. हजारो गुणी गायक श्रोत्यांवाचून झिजून जातात. त्यांच्यापुढे लक्षाधीशाने कीर्तीचा कंटाळा मिरवणे शोभत नाही. पण सिनात्राचा इतिहासही पाहू. १९४७ मध्ये आपल्याविषयी लिहिणाऱ्या एका स्तंभलेखकावर हात टाकल्याबद्दल त्याला अटक झाली होती. १९६०च्या दशकात पत्रकार गे टलीजला त्याने मुलाखत नाकारली. टलीजने मग त्याच्या भोवतालच्या माणसांशी बोलूनच गाजलेला लेख लिहिला. १९७१ मध्ये तर सिनात्राने चक्क निवृत्ती जाहीर केली, आणि १९७३ मध्ये तो परतला. म्हणजे ज्या थकव्याची त्याने थट्टा केली, तो त्यालाही परका नव्हता. त्याने तो मुठीने आणि मौनाने निभावला. जॉर्जने बोलून दाखवला.

२८/
निष्कर्ष काय? श्रोत्यांनी दिलेल्या प्रेमाला सिनात्रा देणगी म्हणतो, ते योग्यच आहे. पण देणगी देणाऱ्याला घेणाऱ्याच्या माजघरात शिरण्याचा परवाना मिळत नाही. जॉर्ज मायकल कीर्तीला विटला होता, हे वर्णन अपुरे आहे. आपल्याविषयी काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे आपण ठरवावे, एवढाच त्याचा आग्रह होता. मुखवटा चढवून, उतरवून, न्यायालयात जाऊन त्याने तो धरून पाहिला. जी गोष्ट सांगण्याचा क्षण त्याने निवडायचा, तो अखेर एका पोलिसाने निवडला. त्याच्या आयुष्यातली खरी हानी ही होती.

२९/
‘लास्ट ख्रिसमस’ अखेरीस १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. प्रकाशनानंतर ३६ वर्षांनी, गायकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. तोवर ना नवे छायाचित्र होते, ना मुलाखत, ना भानगड. होता केवळ आवाज. मार्च २०१७ मध्ये लंडनच्या हायगेट दफनभूमीत मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत त्याला मूठमाती मिळाली होती, आईच्या शेजारी.

१९९० साली त्याने मागितले होते तेवढेच: ऐका, पाहू नका. ते त्याला मिळाले, पण तो ऐकायला उरला नव्हता.

३०/
थ्रेड इथे संपतो. मित्रहो, एक प्रश्न तुमच्यासाठी. कोणत्याही थोर व्यक्तीची खासगी पत्रे, रोजनिशी, औषधांच्या चिठ्ठ्या आपण इतिहासाची साधने म्हणून आनंदाने वाचतो. ती वाचताना लिहिणाऱ्याची परवानगी आपण गृहीत धरतो काय? मृत्यूनंतर किती वर्षांनी खासगी आयुष्याचे ‘साधन’ होते? तुमचे मत खाली जरूर लिहा. एखादे उदाहरण दिलेत, तर चर्चा अधिक रंगेल.